विश्वासाची संहिता : बार्बारो, सोकोल्लू आणि एक वैद्य

सोळाव्या शतकातील भूमध्यसागरी राजनयाची मांडणी 'ख्रिस्ती विरुद्ध मुस्लिम' या द्वंद्वातून करण्याची प्रथा रूढ आहे. सायप्रसच्या युद्धातील (१५७०–७३) वाटाघाटी मात्र या द्वंद्वात मावत नाहीत.

मार्कान्तोनिओ बार्बारो १५६८ मध्ये व्हेनिसचा 'बाइलो', म्हणजे निवासी वकील, म्हणून कॉन्स्टँटिनोपलला गेला. युद्ध सुरू होताच तो नजरकैदेत पडला; तरीही वजीर-ए-आझम सोकोल्लू मेहमेद पाशाशी असलेला त्याचा संवाद तुटला नाही. पाशा या युद्धाला मुळातच प्रतिकूल होता. दोघांमधला दुवा होता पाशाचा वैद्य सोलोमन अश्केनाझी. हा ज्यू वैद्य उदिनेत जन्मलेला, पादुआत शिकलेला, म्हणजे व्हेनिसचाच प्रजाजन. तर पाशा स्वतः बोस्नियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कुटुंबातून देवशिर्मेत उचललेला मुलगा. यात 'आपले' कोण आणि 'परके' कोण, हे धर्मनामावरून ठरत नाही.

या संबंधाने निकोसिया (१५७०) वा फामागुस्ता (१५७१) वाचले नाही. लेपांतोच्या विजयानंतर सतरा महिन्यांनी, ७ मार्च १५७३ रोजी, तह मात्र झाला: व्हेनिसने सायप्रसवरील हक्क सोडला व ३,००,००० दुकात देण्याचे मान्य केले. पोप आणि स्पेन यांना हा विश्वासघात वाटला. १५७४ मध्ये तोच अश्केनाझी सुलतानाचा प्रतिनिधी म्हणून व्हेनिसला आला.

या संबंधाला 'मैत्री' म्हणावे काय? बार्बारोची बाजू आपल्याला कळते ती त्याच्या बातमीपत्रांतून आणि परतलेल्या वकिलाने सिनेटपुढे वाचावयाच्या 'रेलात्सिओने'तून. या लेखनप्रकाराचा निवेदक पेचात असतो. पाशाचा विश्वास आपण संपादन केला हे त्याला दाखवावयाचे असते. पण तो इतका दाट दिसता कामा नये की स्वतःच्याच निष्ठेविषयी शंका यावी. म्हणून या संहितांतील जवळीक ही आधी निवेदनाची गरज असते. तिला मनोगत मानणे जितके भाबडेपणाचे, तितकेच तिला निव्वळ स्वार्थाचा मुखवटा ठरवणे उथळपणाचे. बंद घरातून निघालेला शब्द पाशाने ग्राह्य मानला आणि त्यावर तह उभा राहिला, एवढे निर्विवाद. स्नेह होता की नव्हता हे कागद सांगत नाहीत. भरवसा होता, हे त्यांचा परिणाम सांगतो.