१८० बाय ५०

गाडीत कॅसेट वाजून जमाना झाला, तरी आमच्या घरात त्याला ‘टेप’च म्हणतात. बाबांच्या जुन्या हॅचबॅकमधला टेप मध्यंतरी मुका झाला आणि नवा मी घरीच बसवला. दोन तास लागले. हे काम दोन तासांत का उरकतं हे शोधायला गेलो, तर हाती लागलेला इतिहास मला नव्या टेपपेक्षा जास्त आवडला.

१९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विनने गाडीत बसवायचा रेडिओ विकायला काढला. नाव ठेवलं मोटोरोला. तुमच्यापैकी कुणाच्या तरी खिशात आज त्याच नावाचा फोन असेल. तो बसवणं मात्र भयंकर काम होतं. रेडिओतल्या व्हॉल्व्हना गाडीच्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लागायचं, म्हणून वेगळ्या बॅटऱ्या पायांखालच्या फळीत दडवायच्या. इंजिनातला प्रत्येक स्पार्क स्पीकरमध्ये तडतडायचा, तो दाबायचा वेगळा बंदोबस्त. दोन वर्षांनी जर्मनीत ब्लाऊपुंक्टने आणलेला रेडिओ सुमारे १५ किलोचा होता, आणि किंमत ४६५ मार्क, म्हणजे छोट्या गाडीच्या साधारण एक तृतीयांश. डॅशबोर्डात तो मावायचा प्रश्नच नव्हता; बटणं तेवढी स्टिअरिंगजवळ.

ट्रान्झिस्टर आले आणि डबा आक्रसला. तरी प्रत्येक गाडीची खाच वेगळीच. तिढा सुटला तो एका कंटाळवाण्या कागदामुळे. जर्मनीच्या डीआयएन या मानक संस्थेने माप ठरवून टाकलं: रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०. १९८४ मध्ये ते आयएसओ ७७३६ या नावाने आंतरराष्ट्रीय झालं. पुढे उंची दुप्पट करून ‘डबल डिन’ आलं. दुकानदार ‘सिंगल डिन की डबल डिन?’ विचारतो, तेव्हा तो नकळत त्या जर्मन संस्थेचं नाव घेत असतो.

माझ्या मते गाडीच्या इतिहासातली ही सर्वांत उदार खाच आहे. गाडी बनवणाऱ्याने जणू कबूल केलं, की एवढी जागा तुमची, हवं ते बसवा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात अनेक साध्या मॉडेलांत टेप नसायचाच, खाचेवर नुसती प्लास्टिकची पट्टी. त्या पट्टीच्या भरवशावर गल्लोगल्ली कारटेपवाल्यांची दुकानं चालली.

आता वायरी. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. जुना टेप ओढायला दोन बाजूंनी चाव्या घालायच्या असतात; मी सायकलच्या स्पोकचे तुकडे वाकवून वापरले. मागे वायरींचा गुंता दिसला की घाबरू नका, त्याचीही लिपी ठरलेली आहे. नव्या टेपची पिवळी थेट बॅटरीची, लाल किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, काळी अर्थिंगची. पिवळीचं काम आठवणीचं: घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं तिच्यावर जगतात. काही गाड्यांत लाल-पिवळीच्या जागांची अदलाबदल असते. तशीच जोडली तर टेप छान वाजतो, पण किल्ली काढली की सगळं विसरतो. म्हणून मल्टीमीटर लावूनच जोडा, रंगावर विसंबू नका.

पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या स्पीकरच्या. काळी रेघ असलेली ती निगेटिव्ह. इथे एक जुना सापळा आहे. पूर्वी स्पीकरची एक वायर गाडीच्या पत्र्याला जोडून टाकायचे आणि ते चालायचं. आजच्या टेपात प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही टोकांना ॲम्प्लिफायर असतो, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. गणित सोपं आहे: चालू गाडीत १४ व्होल्टच्या आसपास मिळतात. एकाच टोकाने ढकललं तर ४ ओहमच्या स्पीकरला जेमतेम ६ वॅट. दोन्ही टोकांनी व्होल्टेज दुप्पट, म्हणजे ताकद चौपट. (डब्यावरचे ‘५० वॅट गुणिले ४’ हे जाहिरातवाल्यांचे वॅट.) अशा टेपची स्पीकरवायर पत्र्याला टेकली, की आतली चिप जळू शकते. जुन्या मेकॅनिकची सवय आणि नवं सर्किट यांची टक्कर तिथे होते.

तो खुला करार आता मोडीत निघतोय. १९८६ मध्ये बॉशने कॅन बस आणली. गाडीतले डबे एकमेकांशी दोन वायरींवरून बोलू लागले आणि हळूहळू टेपही त्या गप्पांत ओढला गेला. माझ्या गाडीतून टेप काढला तर फक्त गाणी जातात. नव्या गाडीतला पडदा काढला तर मागचा कॅमेरा जातो, कधीकधी एसीची बटणंही. शिवाय तो पडदा म्हणजे सॉफ्टवेअर. माझं पोट त्यावरच चालतं, म्हणून सांगतो: पाच वर्षांपूर्वीच्या कोडला हात लावायला आमच्या टीममध्ये कुणी राजी नसतं. गाडी पंधरा वर्षं चालते.

ताईने नुकतीच नवी गाडी घेतली. मी तिच्या पडद्याला टेप लावून पाहिली, मोजायची टेप. रुंदी २३० मिलिमीटरच्या आसपास, कडा गोल, एक कोपरा तिरका कापलेला. कडेला स्पोक घालायला भोकं शोधली. नव्हती.