बोटुकली सोडली, पाणी कधी सोडणार?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण मावळ-मुळशीपासून खाली उजनीपर्यंत सगळ्यांचा हा विषय आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

टाटांच्या धरणांचं पाणी पूर्वेला वळवा, ही मागणी पाऊस कमी झाला की हमखास निघते. मग पुणे बोलतं, सोलापूर बोलतं, वीजवाले बोलतात. धरणाच्या भिंतीखाली नदी म्हणून किती पाणी वाहायला हवं, हे मात्र त्या भांडणात कुणी काढत नाही. असं का झालं ते समजायला शंभर वर्षं मागं जावं लागतं.

इंद्रायणी, आंध्रा, मुळा या आपल्या नद्या घाटमाथ्यावर उगवतात आणि पूर्वेला भीमेकडे जातात. पण त्याच माथ्याच्या पश्चिमेला कोकणचा सरळ कडा आहे. पाणी तिकडं लोटलं तर ते सुमारे 500 मीटर खाली पडतं आणि त्यावर वीज होते. टाटांनी हेच हेरलं. 1910 साली कंपनी निघाली. लोणावळा, वळवण, शिरवत्याच्या पाण्यावर 1915 ला खोपोलीचं वीजघर सुरू झालं, ठोकरवाडीच्या पाण्यावर 1922 ला भिवपुरीचं आणि मुळशीच्या पाण्यावर 1927 ला भिऱ्याचं. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या.

मुळशीकरांनी हे मुकाट्यानं घेतलं नाही. 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. प्रश्न जमिनीचा आणि गावांचा होता, आणि तो रास्तच होता. बुडालेल्या गावांची आठवण आपण काढतो. भिंतीच्या खालच्या बाजूला जी नदी आटली, तिची नोंद कुणी ठेवली नाही.

पुढं भांडण राज्याराज्यांत गेलं. कृष्णा खोऱ्याच्या पहिल्या म्हणजे बच्छावत लवादानं टाटांच्या पाण्याला मर्यादा घातली: एका वर्षात 54.5 टीएमसी, आणि सलग पाच वर्षांत मिळून 212 टीएमसी. सरासरी काढली तर वर्षाला 42 टीएमसीच्या वर. खडकवासला साखळीतली चारही धरणं भरली तरी साठा 29 टीएमसीच्या आसपास होतो, म्हणजे हा आकडा केवढा ते बघा. लवादानं कुणी किती घ्यायचं ते ठरवलं. नदीत किती ठेवायचं हा हिशेब या खोऱ्याच्या वाटपात ठळकपणे आला तो दुसऱ्या लवादाच्या 2010 च्या निवाड्यात. किमान प्रवाहासाठी म्हणून तीन राज्यांत मिळून 16 टीएमसी, त्यात महाराष्ट्राचे 3. तो निवाडा सुप्रीम कोर्टात अडकला.

आता माशांकडे येऊ. कंपनी सरकारच्या काळात कर्नल साईक्स नावाचा अधिकारी दख्खनमध्ये आकडेवारी गोळा करत हिंडत होता. त्यानं इथले मासेही तपासले आणि बऱ्याच जातींना आपल्या लोकांच्या तोंडची नावंच दिली. दख्खनचा महाशीर, शास्त्रीय नाव टोर खुद्री, जगाला माहीत झाला तो त्याच्याच 1839 च्या वर्णनातून. आणि त्यानं हा मासा घेतला होता पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या पात्रातून. आज तिथं उभं राहून बघा काय दिसतं ते.

महाशीर साचलेल्या पाण्यात तग धरतो, पण त्याचा वंश वाढतो वाहत्या पाण्यात. पावसाळ्यात पूर आला की तो वर चढतो आणि गोट्या-वाळूच्या स्वच्छ तळावर अंडी घालतो. उन्हाळ्यात धार बारीक झाली की खोल डोहांत राहतो. म्हणून आपल्याकडं देवाच्या नावानं डोह राखायची पद्धत होती. महाडजवळच्या वाळण कोंडीत आजही देवीचे मासे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. भिंत आली की वर चढायची वाट बंद होते. पाणी पलीकडं गेलं की डोह उथळ होतात, तळावर गाळ बसतो. आणि खाली शहरांचं सांडपाणी आलं की त्याला पातळ करायलाही पाणी उरत नाही.

1970 च्या सुमारास लोणावळ्याला एक चांगलं काम सुरू झालं. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी आणि टाटांच्या लोकांनी महाशीरची कृत्रिम पैदास जमवली. वळवणच्या केंद्रातून पुढं लाखांनी बोटुकली तयार झाली आणि देशभरात गेली. ही मेहनत खरी आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही.

पण ही बोटुकली कावेरीतही गेली. तिथं त्या नदीचा स्वतःचा मोठा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर होता, टोर रेमादेवी. आपला महाशीर तिथं फोफावला आणि तो मागं पडला. 2018 पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. म्हणजे ज्या माशाच्या मूळ नदीत पाण्याची बोंब, तोच परक्या नदीत घुसखोर ठरला. बोटुकली सोडणं सोपं असतं, फोटोही चांगला येतो. पण मासे सोडल्यानं अधिवास तयार होत नाही, त्याला पाणी लागतं.

मग किती पाणी? हे मोजता येतं. अमेरिकेत डोनाल्ड टेनंटनं 1976 साली ढोबळ हिशेब मांडला: नदीच्या वार्षिक सरासरी प्रवाहाच्या 10 टक्के पाणी राहिलं तर मासे कसेबसे जगतात, 30 टक्क्यांना बरं चालतं. याहून नेमकी पद्धत म्हणजे पात्रात जागोजागी खोली, वेग आणि तळ मोजायचा, कुठल्या माशाला काय लागतं त्याच्याशी ताडायचं आणि त्यावरून महिन्यावारी प्रवाह ठरवायचा. आपल्या नद्या पावसाळी. उन्हाळ्यातली बारीक धार तर हवीच, पण जून-जुलैतला वर चढवणारा लोंढाही हवा.

राष्ट्रीय हरित लवादानं 2017 साली सगळ्या राज्यांना सांगितलं की कमी पाण्याच्या दिवसांतल्या सरासरी प्रवाहाच्या 15 ते 20 टक्के पाणी नदीत ठेवा. ऐकायला छान. पण सरासरी कुठली धरायची? धरणानंतरची धरली आणि तेव्हा पात्र कोरडंच असेल, तर शून्याचे 15 टक्के शून्यच. हिशेब धरणाआधीच्या नैसर्गिक प्रवाहाचा हवा.

दुसरी बाजूही सांगतो. वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर पलीकडं पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका बारमाही झाल्या. कल्याणपर्यंतची शहरं ते पितात, रोह्याचे कारखाने त्यावर चालतात, कोलाडचं राफ्टिंगही त्यावरच. ही धार एका दिवसात तोडा म्हणणारा लोकांची फसवणूक करतोय. पण सगळं किंवा काहीच नाही, असा हा सौदा नाही. पावसाळ्यातला थोडा वाटा आणि उन्हाळ्यातली धार एवढं मागणं फार नाही.

म्हणून पुढच्या वेळी टाटांच्या पाण्याची बैठक होईल तेव्हा आपल्या आमदारांना आणि जलसंपदा खात्याला तीन गोष्टी विचारा. प्रत्येक धरणातून खालच्या पात्रात रोज किती पाणी सोडलं, हा आकडा जाहीर करणार का? भिंतीखालच्या डोहांची आणि माशांची पाहणी कधी करणार? आणि निदान एका धरणातून दोन-तीन वर्षं ठरवून पाणी सोडून, काय फरक पडतो ते मोजणार का?

तुमच्या गावाजवळ उन्हाळ्यातही न आटणारा डोह असेल, तर गावाचं नाव आणि डोहाचं नाव खाली लिहा. यादी तरी आपणच सुरू करू.