दिनविशेष : १८ ऑक्टोबर १९०५ – रंगांचे बंड

पॅरिसच्या ग्रां पाले येथे १८ ऑक्टोबर १९०५ रोजी ‘सालों दोतोन’ हे वार्षिक चित्रप्रदर्शन खुले झाले. आंरी मातीस आणि आंद्रे देरँ यांनी त्या उन्हाळ्यात भूमध्य सागराकाठच्या कोलिऊर या मच्छीमार गावात रंगवलेली चित्रे तिथे लागली. मातीसच्या ‘उघडी खिडकी’त लाटा गुलाबी, डोलकाठ्या शेंदरी, खिडकीलगतची एक भिंत हिरवट, दुसरी राणी रंगाची. समीक्षक लुई व्होसेल यांनी या चित्रकारांना ‘फोव्ह’, म्हणजे रानटी श्वापदे, म्हटले. तेच नाव चळवळीला चिकटले.

डोळ्यांना दिसतो तोच रंग लावण्याची सक्ती या चित्रांनी मोडीत काढली. त्या फ्रान्सशी आपल्याकडचाही एक धागा जुळतो : मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि तिथली गावे रंगवू लागले. भूमध्य किनाऱ्यालगतच्या गावाचे ‘ओ द कान्य’ हे चित्र १९५१ चे.

झाड हिरवे आणि आभाळ निळेच, असे आपण मुलांना अजूनही बजावतो. कर्जतमधल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या एखाद्या विद्यार्थ्याला जवळच्या रेहेकुरीचा माळ वैशाखाच्या उन्हात केशरी दिसला, तर शिक्षक-पालकांनी तो रंग खोडू नये.