जंगल कशाला म्हणायचं? पुसद १९३० ते हैदराबाद २०२५



मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीनं आम्हाला जिन्यातच गाठलं. म्हणाली, "सर, हैदराबाद विद्यापीठाची ती पोरं नेमकं काय वाचवत होती? जंगल, की सरकारची मोकळी जागा?" आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि एका शब्दाचा अर्थ विचारल्यावर पळ काढला! म्हणून आज तिचाच प्रश्न घेऊ. मात्र हैदराबादला जाण्याआधी आपल्याच जिल्ह्यात, पुसदला जायला हवं.

१९३० साल. दांडीला मीठ उचललं गेलं आणि देशभर कायदेभंग सुरू झाला. आता वऱ्हाडाला समुद्र कुठला? अकोल्याकडे दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढलं, तेही झालं. पण पुसद, दारव्हा, वणीच्या शेतकऱ्याचं रोजचं दुखणं मीठ नव्हतं. गवत होतं. बैलाला चारा, छपराला गवत, चुलीला काटक्या, आणि या प्रत्येकासाठी जंगलखात्याची परवानगी. म्हणून लोकनायक बापूजी अणे, हे वणीचे, आपल्याच जिल्ह्याचे, यांनी १० जुलै १९३० ला पुसदजवळच्या राखीव जंगलात विळ्यानं गवत कापून कायदा मोडला. त्यांना अटक झाली. पुढे २१ जुलैला यवतमाळजवळ लोहाऱ्याला असाच सत्याग्रह झाला, त्यात डॉ. हेडगेवार होते आणि त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. आजच्या राजकारणात ही दोन नावं एका वाक्यात घ्यायला लोक बिचकतात. गवतानं तेव्हा भेद केला नव्हता.

आता जरा थांबून बघा. त्यांनी कापलं ते गवत, झाड नव्हे. मग त्याला 'जंगल सत्याग्रह' का म्हणतात? कारण सरकारी दप्तरात ते गवत जंगलच होतं. वऱ्हाडात इंग्रजांनी राखीव जंगलाचे तीन वर्ग पाडले होते. एक लाकूड-सरपणासाठी, दुसरा गवताचे रमणे आणि बाभूळबनं, तिसरा चराई. म्हणजे ज्याला गावकरी पिढ्यान्‌पिढ्या कुरण म्हणत आले, त्याला सरकारनं जंगल म्हटलं, आणि तसं म्हटल्याबरोबर कालपर्यंतचा गुराखी गुन्हेगार झाला. शब्द बदलला, बाकी रान तेच, गुरं तीच.

आपले नैयायिक व्याख्येचे दोष सांगतात. 'शिंगं असलेलं जनावर म्हणजे गाय' असं म्हटलं तर म्हैसही गाय ठरते. ही अतिव्याप्ती. 'कपिला रंगाची ती गाय' म्हटलं तर काळी-पांढरी गाय बाहेर पडते. ही अव्याप्ती. वर्गात हे शिकवताना पोरं हसायची, गायीचं काय घेऊन बसलात म्हणायची. पण १९३० चा सगळा झगडा अतिव्याप्तीचा आहे. जे जंगल नाही त्यालाही जंगल म्हणायचं, म्हणजे ताब्यात घेता येतं.

आणि स्वातंत्र्यानंतर? ज्या १९२७ च्या वन कायद्याविरुद्ध इकडे पुसदला आणि तिकडे उरणजवळ चिरनेरला लोक उभे राहिले, चिरनेरला तर गोळीबारात माणसं मेली, तो कायदा आजही लागू आहे. सत्याग्रहाची स्मारकं आपण बांधली आणि कायदा तसाच ठेवला. कोलाम, गोंड, बंजारा यांना गवताचा प्रश्न प्रतीक म्हणून पडलेलाच नव्हता, तो पोटाचा होता. त्यांना याचं उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत मिळालं नाही, आणि त्यानंतरही किती मिळालं हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

आता पैनगंगा ओलांडू. वऱ्हाड हे कागदोपत्री निजामाचंच होतं. १८५३ मध्ये ते इंग्रजांकडे सोपवलं गेलं, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यानं दिलं गेलं. पण मूळ मुलूख एकच, आणि दोन्हीकडे जमिनीची नावं गुराढोरांवरून पडलेली. हैदराबादच्या बाजूला महसुली कागदांत 'कांचा' हा शब्द भेटतो. कांचा म्हणजे गवताळ, चराईचं राखलेलं रान. आपल्या कुरणाचा तेलुगू भाऊच म्हणा. म्हणून त्या चारशे एकरांचं नाव कांचा गचिबोवली.

हैदराबाद विद्यापीठ १९७४ चं. त्याला शहराबाहेर प्रचंड जागा मिळाली. खडक, तळी, झुडपं, मोर, हरणं. पुढे शहरच विद्यापीठापर्यंत चालत आलं, भोवती संगणक कंपन्यांचे काचेचे मनोरे उभे राहिले. २००३-०४ मध्ये सरकारनं यातले चारशे एकर एका खासगी क्रीडा प्रकल्पाला दिले, २००६ मध्ये नव्या सरकारनं तो करार रद्द केला. सुमारे अठरा वर्षं खटला चालला आणि २०२४ मध्ये राज्य सरकार जिंकलं. दावा लढणारे कोर्टात होते तोवर रान वाढत होतं. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. त्या सगळ्या वर्षांत त्या जागेला कोणी हात लावला नाही, म्हणूनच ती दाट झाली.

खटला जिंकल्यावर सरकारच्या औद्योगिक महामंडळानं लिलावाची तयारी केली. ३० मार्च २०२५, उगादीचा दिवस, म्हणजे आपला गुढीपाडवा. सुट्ट्या बघून जेसीबी शिरले. पोरं आडवी झाली. पन्नासहून अधिक जणांना पोलिसांनी उचललं, तीन दिवसांनी लाठ्या चालल्या. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन काम थांबवलं, तोवर सुमारे शंभर एकर साफ झाले होते. खंडपीठावर होते न्या. भूषण गवई, आपल्या अमरावतीचे. त्यांनी सरकारला विचारलं ते साधं होतं: ते शंभर एकर पुन्हा कसे उभे करणार, याचा आराखडा द्या.

सरकारचं म्हणणं काय होतं? जमीन आमची, आणि महसुली दप्तरात ती वन नाही. बघा, गंमत कशी आहे. १९३० मध्ये सरकार म्हणत होतं, हे गवत जंगल आहे, हात लावू नका. २०२५ मध्ये सरकार म्हणतं, ही झाडं जंगल नाहीत, आम्ही हात लावू. तेव्हा अतिव्याप्ती, आता अव्याप्ती. व्याख्या उलटी झाली, पण व्याख्या करणारा हात तोच राहिला.

मुंबईत आरेला अगदी हेच घडलं होतं. आरे ही दुग्धवसाहत, १९५० च्या सुमाराला म्हशींसाठी वसवलेली, म्हणजे तिथेही मूळ गोष्ट गवताचीच! मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची होती. आरे हे वन नाही, ही सरकारची बाजू. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. एकोणतीस जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थी होते. कायद्याच्या एका विद्यार्थ्यानं सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, आणि दसऱ्याच्या सुट्टीत, ७ तारखेला, सर्वोच्च न्यायालय बसलं. थांबा म्हणालं. पण २,१४१ झाडं तोडून झाली होती. थांबवण्याजोगं फार उरलं नव्हतं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. तिनं विचारलं, जंगल की सरकारी जागा. यात एक गाठ आहे ती सोडवली पाहिजे. 'कोणाचं' हा एक प्रश्न आणि 'काय' हा दुसरा. चारशे एकर सरकारचे आहेत, हे न्यायालयात ठरलं. आम्हीही ते मान्य करतो. विद्यार्थ्यांच्या काही पत्रकांत 'आमची जमीन' असं होतं, तो युक्तिवाद कच्चा होता. काही जणांनी यंत्रानं बनवलेली हरणांची, मोरांची खोटी चित्रं पसरवली. सरकारला तेवढंच निमित्त मिळालं. खऱ्या मोराच्या बाजूनं बोलताना खोटा मोर कशाला लागतो? पण जमीन कोणाची हे ठरल्यानं ती काय आहे हे ठरत नाही. माझं घर माझ्या मालकीचं आहे म्हणून ते घर असण्याचं थांबत नाही!

हेच सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन प्रकरणात सांगितलं होतं. वन म्हणजे शब्दकोशात जे वन असतं ते, मालक कोणीही असो. मग दप्तरात नोंद असली तर ती धरायचीच, नसली तरी रान बघायचं. २०२३ च्या दुरुस्तीनं ही व्याप्ती पुन्हा नोंदींपुरती आवळायचा प्रयत्न झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयानं तात्पुरता आदेश दिला की तूर्त जुनाच अर्थ चालेल. आणि मे २०२५ मध्ये आपल्या पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाचा निकाल लागला. सहा जिल्ह्यांतली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनच धरायची. यवतमाळ त्या सहांत नाही. आपल्याकडे नाव वेगळं, ई-क्लास.

म्हणून ती पोरं सरकारी जागेवरचं जंगल वाचवत होती. दोन्ही खरं आहे.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र आम्हाला हे बोलायचा अधिकार नाही. आम्ही नोकरीत असताना एका संस्थेच्या आवारातलं बाभूळबन नव्या इमारतीसाठी काढलं गेलं. ठरावात लिहिलं होतं, 'अनावश्यक काटेरी झुडपे हटविणे'. आम्ही समितीवर होतो. सकाळी तिथून चालत जाताना तितर ओरडायचे, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी 'झुडपे' हा शब्द वाचला आणि सही केली. एकाही विद्यार्थ्यानं तेव्हा विरोध केला नाही. आम्ही शिकवलंच नव्हतं तसं. इमारतीचे दोन मजले बरीच वर्षं रिकामे होते.

वेळ झाली. पुढच्या वेळी ई-क्लास जमिनीकडे वळू. ज्यांच्या गावात अशी जमीन आहे त्यांनी तलाठ्याकडून तिचा उतारा काढून आणावा, आणि येण्याआधी एकदा त्या जागेवर जाऊन तिथे आज काय उभं आहे ते बघून यावं.