मार्सेयचा धडा

१/ ८ जुलै १९१०. मार्सेय बंदरात उभ्या असलेल्या ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर समुद्रात झेपावले. ते फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले. परंतु फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून ब्रिटिशांच्या हवाली केले.

२/ राजकीय कैद्याला आश्रयभूमीवरून असे परत देता येते काय? पॅरिसवासी मॅडम कामा आणि मार्क्सचे नातू जाँ लाँगे यांनी हा प्रश्न लावून धरला. अखेर फ्रान्सने कैदी परत मागितला.

३/ २४ फेब्रुवारी १९११ रोजी हेगच्या लवादाने निकाल दिला: हस्तांतर नियमबाह्य होते, तरी कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही.

४/ छळाच्या छायेत निर्वासिताला परत धाडू नये, हा नियम १९५१च्या निर्वासित करारात आला. पाकिस्तान त्यात सामील नाही. २०२३पासून तेथून अफगाणांची हकालपट्टी चालू आहे. तालिबानविरुद्ध आवाज उठवून तेथे आलेल्या स्त्रियांवरही ती टांगती तलवार आहे.

५/ त्यांच्यासाठी इतर देशांकडे व्हिसा मागणारे लोक लाँगे यांचेच काम पुढे नेत आहेत. मात्र हेगचा निकाल विसरू नये: एकदा सोपवलेला माणूस न्यायाने परत मिळेलच असे नाही. दार त्याआधीच उघडावे लागते.