नवेगाव राष्ट्रीय उद्यान

नवेगाव राष्ट्रीय उद्यान हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या परिसरात वसलेले एक राष्ट्रीय उद्यान आहे. याची स्थापना १९७५ साली झाली असून क्षेत्रफळ १३३.८८ चौ. किमी आहे. ताडोबा व पेंच या विदर्भातील प्रसिद्ध उद्यानांच्या तुलनेत येथे पर्यटकांची वर्दळ कमी असते. डोंगरांच्या कुशीतील विस्तीर्ण जलाशय आणि हिवाळ्यात तेथे उतरणारे स्थलांतरित पाणपक्षी ही या उद्यानाची मुख्य ओळख होय. डिसेंबर २०१३ पासून हे उद्यान नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

== भूगोल ==
उद्यानाचा प्रदेश वैनगंगा नदीच्या खोऱ्यात मोडतो. भूभाग डोंगराळ असून मध्यभागी नवेगावबांध हा सुमारे ११ चौ. किमी विस्ताराचा तलाव आहे. तलावाभोवतीच्या सात शिखरांना स्थानिक लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. जवळच गाढवी नदीवर इटियाडोह हे धरण आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्यामुळे त्यापूर्वीच्या ग्रंथांत व शासकीय कागदपत्रांत या उद्यानाचा उल्लेख भंडारा जिल्ह्यात सापडतो.

== तलावाचा इतिहास ==
नवेगावचा तलाव नैसर्गिक नाही. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, अशी परंपरा सांगते. डोंगरांमधील खिंडी मातीच्या बांधाने अडवून पावसाचे पाणी साठवावे, अशी या बांधणीची पद्धत होती. सात बहिणींनी या कामी साहाय्य केले अशी लोककथा असून, कोलू पाटलांना पुढे कोलासूर देव या नावाने देवत्व प्राप्त झाले.

कोहळी समाज हा पूर्व विदर्भात तलाव बांधणारा आणि त्या पाण्यावर धान व ऊस पिकवणारा समाज म्हणून ओळखला जातो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो लहानमोठे तलाव आहेत. लहान तळ्यास ‘बोडी’ म्हणतात. मालगुजारी पद्धतीत तलावांची देखभाल मालगुजार व गावकरी करीत. तत्कालीन मध्य प्रदेशात १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ किंवा संक्षेपाने ‘मामा तलाव’ असे म्हटले जाते. मालकी बदलली, तरी दरवर्षी पाळ दुरुस्त करण्याची आणि गाळ काढण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न अनेक गावांत अनुत्तरित राहिला आणि पुष्कळ तलाव गाळाने भरत गेले.

== वनस्पती ==
येथील वन दक्षिण उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, बीजा, धावडा, हळदू, तेंदू, मोह आणि सालई हे प्रमुख वृक्ष होत. अनेक ठिकाणी बांबूची दाट बेटे आढळतात. मोहाची फुले आणि तेंदूची पाने ही वन्यप्राण्यांप्रमाणेच परिसरातील गोंड व अन्य रहिवाशांच्या उपजीविकेशीही निगडित आहेत. उन्हाळ्यात पहाटे मोहफुलांसाठी अस्वले आणि माणसे एकाच झाडाखाली येतात. या काळात अस्वलाच्या हल्ल्याचा धोका वाढतो.

तलावातील पाणवनस्पती हे पक्ष्यांचे व माशांचे अन्न आणि आश्रयस्थान आहे. परिसरातील अनेक मामा तलावांत बेशरम या परदेशी वनस्पतीने देशी पाणवनस्पतींची जागा बळकावली. काही गावांत ढीवर या मासेमार समाजातील स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटून देशी वनस्पतींची पुन्हा लागवड केली आहे. कोणती वनस्पती कोणत्या माशाला उपयोगी पडते, हे या समाजाचे पिढीजात ज्ञान या कामी आले.

== प्राणिजीवन ==
=== सस्तन प्राणी ===
उद्यानात वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, कोल्हा, रानगवा, सांबर, चितळ, नीलगाय, चौशिंगा, भेकर, रानडुक्कर आणि वानर आढळतात. क्षेत्राच्या मानाने वाघांची संख्या येथे दीर्घकाळ कमी राहिली आहे. त्यामुळे वाघ हमखास दिसावा या अपेक्षेने आलेल्या पर्यटकाचा विरस होण्याची शक्यता असते.

=== पक्षी ===
नवेगावबांधचा परिसर पक्ष्यांसाठी विख्यात असून येथील पक्षी अभयारण्यास पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव देण्यात आले आहे. हिवाळ्यात पट्टकादंब, तलवार बदक, मोठी लालसरी आदी पक्षी मध्य व उत्तर आशियातून येथे येतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो. अडई, जांभळी पाणकोंबडी, पाणकावळे व बगळे हे निवासी पक्षीही विपुल आहेत.

गोंदिया जिल्हा हा महाराष्ट्रातील सारस पक्ष्याचा प्रमुख अधिवास आहे. सारस जंगलात नव्हे, तर धानाच्या बांध्यांत आणि तलावकाठी घरटे करतो. त्यामुळे त्याचे रक्षण वनक्षेत्राच्या सीमेत होऊ शकत नाही. ते शेतकऱ्याच्या सहकार्यावर अवलंबून आहे. पिकांवरील कीटकनाशके, विजेच्या तारा आणि तलावांचा ऱ्हास ही त्याच्यापुढील मुख्य संकटे आहेत. राज्यात या पक्ष्याची संख्या अत्यंत मोजकी उरली आहे.

== व्याघ्र प्रकल्प व संचारमार्ग ==
नवेगाव-नागझिरा हा महाराष्ट्रातील पाचवा व्याघ्र प्रकल्प होय. नवेगाव राष्ट्रीय उद्यानाखेरीज नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही अभयारण्ये त्यात समाविष्ट आहेत. एकूण क्षेत्र ६५० चौ. किमीहून अधिक असले, तरी ते सलग नाही. नवेगावचे वन दक्षिणेस, नागझिऱ्याचे वन उत्तरेस आणि मधून राष्ट्रीय महामार्ग ५३ (पूर्वीचा क्र. ६) जातो.

या प्रकल्पाचे महत्त्व केवळ तेथील वाघांच्या संख्येवरून ठरत नाही. मध्य प्रदेशातील कान्हा, मध्य प्रदेश व महाराष्ट्रातील पेंच, चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी आणि छत्तीसगढमधील इंद्रावती या वनांना जोडणाऱ्या प्रदेशात ते आहे. वयात आलेला नर वाघ जन्मस्थान सोडून नव्या क्षेत्राच्या शोधात निघतो. मधला मार्ग खुंटला, तर लहान वनांतील वाघांचा आपसांतच संकर होऊन त्यांची जनुकीय विविधता घटते. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ नावाचा वाघ २०१३ साली महामार्ग, नद्या व शेतशिवार ओलांडून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोहोचला; एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही. त्याच्या प्रवासाने हा संचारमार्ग अद्याप जिवंत असल्याचे दाखवून दिले.

महामार्गाच्या चौपदरीकरणात वनपट्ट्यांतून प्राण्यांना जाता यावे यासाठी उन्नत पूल व भुयारी मार्गांची योजना करण्यात आली. रेल्वेचा प्रश्नही गंभीर आहे. गोंदिया–बल्लारशाह लोहमार्ग अनेक ठिकाणी वनातून जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच मार्गावर चंद्रपूर जिल्ह्यातील जंगलात रेल्वेच्या धडकेने वाघाचे तीन बछडे मृत्युमुखी पडले.

वाघांची संख्या वाढावी, तसेच चंद्रपूर जिल्ह्यातील मानव-वाघ संघर्ष सौम्य व्हावा, या हेतूने मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी नागझिरा येथे आणून सोडण्यात आल्या.

== साहित्यातील उल्लेख ==
अरण्यलेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांध येथे सेवा केली. येथील पक्षिजीवन व माणसे त्यांच्या लेखनात वारंवार येतात. ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकाचे नावच या ठिकाणावरून आले आहे. स्थानिक पक्षिज्ञ माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून आपण पुष्कळ शिकलो, असे त्यांनी नमूद केले आहे. गोंड, ढीवर आदी समाजांत प्रचलित असलेली पक्ष्यांची नावे व माहिती चितमपल्लींच्या लेखनामुळे मराठी वाचकांपर्यंत पोहोचली.

== प्रवास ==
नागपूरहून भंडारा, साकोली व कोहमारा या मार्गे नवेगावबांध सुमारे १५० किमी अंतरावर आहे. गोंदियाहून कोहमारामार्गेही येता येते. जवळचा मोठा विमानतळ नागपूर येथे असून गोंदिया–बल्लारशाह मार्गावरील अर्जुनी हे जवळच्या रेल्वे स्थानकांपैकी एक आहे. साकोलीहून पिटेझरी प्रवेशद्वाराने नागझिरा अभयारण्यात जाता येत असल्याने दोन्ही वनांची भेट एकाच प्रवासात घेता येते. गोठणगाव-प्रतापगड परिसरातील तिबेटी निर्वासितांची वसाहत आणि इटियाडोह धरण ही याच तालुक्यातील अन्य प्रेक्षणीय स्थळे होत.

पक्षिनिरीक्षणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तर सस्तन प्राणी पाहण्यासाठी एप्रिल व मे हे महिने अनुकूल असतात, कारण त्या काळात पानगळीमुळे दृष्टी दूरवर पोहोचते आणि प्राणी पाणवठ्यांवर येतात. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील पर्यटन सामान्यतः बंद असते. महामार्गाने रात्री प्रवास करताना साकोली ते देवरी या टप्प्यातील वनपट्ट्यांत वाहनाचा वेग कमी ठेवणे आवश्यक आहे. वन्यप्राण्यांची रस्ता ओलांडण्याची वेळ बहुधा सूर्यास्तानंतरची असते.