प्रतिवादाची परवानगी (व्यापारी भाडेवसुली)
थकलेल्या दुकान-भाड्यासारख्या निश्चित रकमेच्या संक्षिप्त दाव्यात बचाव मांडण्यासाठी प्रतिवादीला न्यायालयाकडून घ्यावी लागणारी परवानगी. वकिलांच्या बोलीत ‘लिव्ह टू डिफेंड’. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३७ हा तिचा आधार. भाडे लेखी करारातून येणे असेल, तरच हा मार्ग खुला होतो. अनिश्चित नुकसानभरपाईला तो चालत नाही.

समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. पुढे वादीचे निकालासाठीचे समन्स बजावले गेले की आणखी १० दिवसांत शपथपत्रासह अर्ज. उशीर झाल्यास पुरेसे कारण दाखवावे लागते. भाडेकरूची खरी कसोटी शपथपत्रातच. ‘भाडे देणे नाही’ एवढे मोघम म्हणून भागत नाही. भरल्याच्या पावत्या, अनामतीची वजावट, जागेचा ताबा परत केल्याची तारीख असा तपशील लागतो. बचाव पोकळ किंवा निव्वळ त्रास देण्यासाठी असेल, तरच परवानगी नाकारली जाते. बचाव संशयास्पद वाटल्यास रक्कम जमा करण्याची अट घालता येते. कबूल केलेली थकबाकी तर भरावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ‘मेकॅलेक’ खटल्यात घालून दिलेली तत्त्वे २०१६ च्या ‘हबटाउन’ निकालात सुधारून मांडली. मुंबईत मात्र मालक-भाडेकरूंमधील भाडेवसुली सामान्यतः लघुवाद न्यायालयाकडे जाते.